अंगावरून वारं गेलं, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

वाकळ
हातपाय लुळे पडले की आपल्याकडे एकच वाक्य निघतं, "अंगावरून वारं गेलं." चहा पिता पिता अर्धं अंग गेलेले आजोबा, चार दिवसांत पायांपासून वर लुळी पडत गेलेली शाळकरी मुलगी, पहाटे पापण्याच उघडेनात असा शेतमजूर, सगळ्यांना तेच नाव. आणि नाव एकच असल्यामुळे उपायही एकच निघतो. एक तर तेल चोळा, नाहीतर अमुक गावच्या लकव्याच्या माणसाकडे न्या.

आशाताईंच्या बैठकीसाठी दोन पानी माहिती लिहायची आहे. प्रश्न एवढाच: गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत घरच्यांनी काय पाहावं, काय विचारावं, म्हणजे माणूस योग्य ठिकाणी वेळेत पोचेल? जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

मज्जारज्जू
सुरुवात तारेपासून करा, लोकांना पटकन कळतं. हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. मानेच्या वर, लंबमज्जेत तो बाजू बदलतो, म्हणून उजव्या मेंदूतला बिघाड डाव्या अंगावर दिसतो. मग मणक्यातून खाली उतरून तो दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो. तिची नस स्नायूपर्यंत जाते, आणि शेवटच्या केसभर फटीत रसायन सुटतं तेव्हा कुठे स्नायू आखडतो. तार मेंदूत, मणक्यात, नसेत, त्या फटीत किंवा खुद्द स्नायूत, कुठेही तुटू शकते. वरून पाहणाऱ्याला हात हलत नाही एवढंच दिसतं.

कुठे तुटली याचा पहिला अंदाज आकारावरून येतो. एका बाजूचा चेहरा, हात, पाय असेल तर बहुधा मेंदू. दोन्ही पाय गेले, छातीखाली किंवा बेंबीखाली बधिरपणाची रेघ काढता येते आणि लघवी अडली, तर मणका. रेघ स्तनाग्रांच्या पातळीवर असेल तर छातीचा चौथा मज्जाखंड, बेंबीवर असेल तर दहावा. पायांतून सुरू होऊन वर चढतंय आणि लघवी ठीक आहे, तर नसा. पापण्या, गिळणं, मान यांपासून सुरू होऊन खाली उतरतंय, तर ती फट.

भीमाकाठ
यात भर. मेंदू किंवा मणक्यातला दोष असेल तर अंग ताठ आणि गुडघ्यावर ठोकलं की पाय जोरात उडतो. नसेतला असेल तर अंग सैल, झटका नाही, स्नायू वाळतो. ताठ की सैल एवढं सांगितलं तरी पुरे.

मज्जारज्जू
@भीमाकाठ, पुस्तकात बरोबर, पण पहिल्या दिवशी फसवं. ताठपणा यायला दिवस, कधी आठवडे लागतात. ताज्या पक्षाघातात हात ओल्या फडक्यासारखा पडतो. मणक्याला अचानक मार बसला किंवा सूज आली तर सुरुवातीला पाय पूर्ण सैल असतात आणि झटकेही गायब असतात. त्याला गीयाँ-बारे, म्हणजे पायांतून वर चढणारा नसांचा आजार, समजून मणक्याचा एमआरआय राहून जातो आणि गाठ किंवा पू दाबत राहतो. सैल पाय, पण लघवी तुंबलेली आणि बधिरपणाची रेघ आहे, असं असेल तर आधी मणका बघा. गावपातळीवर ताठ-सैल सांगूच नका.

भीमाकाठ
मान्य. तो मुद्दा मागे घेतो.

सुवर्णतास
मेंदूच्या पक्षाघातावर लिहितो, कारण संख्येने हाच सगळ्यात मोठा. शंभरातल्या साधारण ८५ जणांत रक्ताची गुठळी अडकलेली असते, उरलेल्यांत रक्तस्राव. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त सीटी स्कॅनमध्ये कळतो आणि उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून पहिला नियम: सीटीआधी ॲस्पिरिन नको. हृदयविकाराच्या झटक्यात गोळी चघळायला देतात ते ऐकून लोक इथेही देतात. रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते.

गुठळी असेल तर ती विरघळवणारं अल्टेप्लेज साडेचार तासांच्या आत. किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. दहावा हिस्सा एकदम शिरेतून, बाकी तासाभरात. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५, कमाल २५ मिलिग्रॅम, एकाच वेळी. औषध देण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी मांडीतून तार घालून काढता येते, सहसा सहा तासांत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत.

आणि आधी बोटाला टोचून साखर पाहाच. साखर ५०च्या खाली गेली की हुबेहूब अर्धांगवायू दिसतो आणि ग्लुकोज शिरेतून दिलं की मिनिटांत हात उठतो.

रातराणी
@सुवर्णतास, "साडेचार तास" हा आकडा पत्रकात छापू नका अशी कळकळीची विनंती. लोक त्याचा अर्थ "अजून वेळ आहे" असा घेतात. दवाखान्याच्या दारात आल्यावर नोंद, सीटी, रक्त, सही, औषध यातच पाऊण-एक तास जातो. चौथ्या तासाला पोचलेल्याला हे औषध मिळणं अवघड. प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. "लगेच निघा" एवढंच लिहा.

दुसरं, वेळ कुठून मोजायची ते घरच्यांना ठाऊक नसतं. "सकाळी सहाला उठवलं तेव्हा हात हलत नव्हता" असेल तर घड्याळ सहाला सुरू होत नाही. रात्री अकराला पाणी प्यायला उठले तेव्हा ठीक होते, तर अकरा. "शेवटचं धडधाकट कुणी, कधी पाहिलं?" हा प्रश्न असाच्या असा छापा.

सुवर्णतास
@रातराणी, अगदी बरोबर, आकडा डॉक्टरांसाठीच ठेवूया. मात्र उशीर झाला म्हणून घरी ठेवायचं नाही. झोपेत झालेल्यांतही काहींना एमआरआय पाहून औषध देता येतं. आणि अर्ध्या तासात हात आपोआप बरा झाला तरी जायचंच. तो इशारा असतो, पुढच्या ४८ तासांत धोका सर्वांत जास्त.

पिंपळपान
तोंड वाकडं झालं म्हणजे पक्षाघातच का? आमच्या भागात थंडीत बऱ्याच जणांचं होतं.

मज्जारज्जू
@पिंपळपान, कपाळाकडे बघा. भुवया उचलायला सांगा. मेंदूतल्या दोषात कपाळाच्या आठ्या दोन्हीकडे पडतात, कारण कपाळाला दोन्ही मेंदूंतून तार येते. चेहऱ्याच्या नसेला सूज असेल तर त्या बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं आणि डोळा मिटत नाही. त्यात ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू झालं तर फायदा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघडा राहिलेला डोळा: दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद, नाहीतर बुबुळाला जखम होते. पण चेहऱ्यासोबत हात किंवा बोलणं गेलं असेल तर कपाळ तपासत बसू नका, निघा.

हातासाठी एक सोपी चाचणी. डोळे मिटायला लावून दोन्ही हात समोर, तळवे आकाशाकडे, मनात दहा मोजा. दुबळा हात हळूहळू खाली येतो आणि येता येता तळवा आतल्या बाजूला वळतो. "दोन्ही हात उचलता येतात, म्हणजे काही नाही" म्हणणाऱ्यांना ही चाचणी करून दाखवा.

सह्यकडा
पावसाळ्यात, जमिनीवर झोपणारा माणूस, पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड आणि बोलणं अस्पष्ट, हे चित्र असेल तर सर्वात आधी मण्यार. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, दुखत नाही. म्हणून "साप चावलाच नाही" असं घरचे शपथेवर सांगतात, आणि ते खोटंही बोलत नसतात.

प्रतिविष दहा कुप्यांपासून, लहान मुलालाही तेवढंच, कारण विष माणसाच्या वजनावर मोजून येत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप वाढवणाऱ्या निओस्टिग्मिनचा उपयोग नागाच्या दंशात चांगला होतो. मण्यारीचं विष नसेचं टोकच निकामी करतं, तिथे त्याचा फारसा भरवसा नाही. टोक नव्याने उगवेपर्यंत श्वास यंत्रावर चालवायचा, मग दिवस लागोत की आठवडे. हे रुग्ण पूर्ण बरे होतात.

एक गोष्ट ठळक लिहा. बाहुल्या विस्फारलेल्या, अंग निपचित, हाकेला ओ नाही, म्हणून माणूस गेला असं मानू नका. त्याला सगळं ऐकू येत असतं. तोंडाने किंवा श्वास द्यायच्या रबरी पिशवीने श्वास देत पोचवलेला माणूस वाचतो.

नस_आणि_स्नायू
खाली उतरणाऱ्या लकव्यात फवारणीही विचारा. कीटकनाशक पोटात किंवा कातडीतून गेल्यावर लाळ, घाम, बारीक बाहुल्या हे पहिल्या दिवशी. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा मिळून माणूस सावरतो, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. २४ ते ९६ तासांत दुसरी लाट येते, तिच्यात आधी मान जाते. रोज सकाळी उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता आली नाही तर श्वास पुढच्या काही तासांत जाणार. ॲट्रोपिनने ही लाट थांबत नाही, यंत्रच लागतं.

सोनचाफा
गीयाँ-बारेबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात रुग्ण वाढले तेव्हापासून पायाला मुंगी आली तरी लोक घाबरतात.

नस_आणि_स्नायू
@सोनचाफा, नुसत्या मुंग्यांना घाबरू नका. मुंग्यांसोबत जिना चढताना पाय दुमडणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, आणि ते कालपेक्षा आज जास्त, असं असेल तर घाबरा.

त्यावेळी काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. हा जंतू कच्च्या चिकनमधून, दूषित पाण्यातून येतो. जुलाब बरे होतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं नसेच्या आवरणाला किंवा गाभ्यालाच जंतू समजतात. लुळेपणा वाढत जातो, बहुतेकांत दोन आठवड्यांत आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत थांबतो. गुडघ्याचे झटके गायब होतात. पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नसतात. हे पाणी पहिल्या आठवड्यात तपासलं तर साफही येऊ शकतं, तेवढ्यावरून आजार नाही म्हणू नये.

मारक काय ठरतं तर श्वास आणि हृदयाचे ठोके. साधारण चौघांतल्या एकाला यंत्र लागतं. इथे बोटावरच्या ऑक्सिजन यंत्रावर विसंबून राहणं ही नेहमीची चूक, कारण आकडा शेवटी पडतो. त्याऐवजी खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावा. काल तीस, आज सकाळी बावीस, दुपारी चौदा, अशी उतरंड दिसली की अतिदक्षता विभाग. तिथे फुप्फुसाची क्षमता किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिलिटर, गेली की नळी घालायची तयारी.

उपचार इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं), किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ कुप्या. किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, दिवसाआड साधारण पाच वेळा. दोन्हींचा गुण सारखाच. आधी इम्युनोग्लोब्युलिन देऊन लगेच प्लाझ्मा बदलला तर दिलेलं महागडं औषध धुऊन निघतं. स्टेरॉइड गोळ्यांचा यात उपयोग नाही.

वाकळ
मुलांच्या बाबतीत आशाताईंना पोलिओची नोंदही करावी लागते ना? भारतातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, मग आता कशाला, असं काही जणी विचारतात.

रातराणी
करावीच लागते, आणि म्हणूनच देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक सैल पडला की डॉक्टरांना गीयाँ-बारेची शंभर टक्के खात्री असली तरी कळवायचं. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, दोघांत किमान २४ तासांचं अंतर. प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढा, बर्फात ठेवून पाठवायचा. नमुना गरम झाला तर सगळं व्यर्थ. ६० दिवसांनी मूल पुन्हा तपासतात.

याच संदर्भात, कुल्ल्यावर इंजेक्शन दिल्यावर त्याच पायाचा पंजा पडला तर तीही नोंद होते. सुई आतल्या खालच्या भागात गेली की पायाची मोठी सायटिक नस सापडते. वरचा बाहेरचा चतकोर, आणि लहान मुलांत तर मांडीची बाहेरची बाजूच बरी.

वैनगंगा
पूर्व विदर्भाचा मुद्दा राहायला नको. लाखोळीची डाळ. दुष्काळात जेव्हा तीन-चार महिने जेवणाचा मोठा भाग हीच डाळ असते, तेव्हा तरुण पुरुषांचे पाय ताठ होतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, टाचा टेकत नाहीत. संवेदना आणि लघवी सहसा शाबूत. एकदा आलेला ताठपणा जात नाही. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली ती यामुळे. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर विष बरंच कमी होतं. अधूनमधून वाटीभर खाणाऱ्याला धोका नाही. घात होतो तो दुसरं काही न मिळाल्याने.

पिंपळपान
@वैनगंगा, लाखोळीचे वडे चवीला मात्र फार छान लागतात!

वैनगंगा
लागतातच! पावसाळ्यात सणाला करा, महिनोन्‌महिने भाकरीऐवजी नको.

नस_आणि_स्नायू
जेवणावरून आठवलं. लग्नात भरपेट भात-जिलेबी, किंवा दिवसभर कष्ट करून जड जेवण, आणि पहाटे जाग येते तेव्हा चारही हातपाय निर्जीव. बोलणं, गिळणं, शुद्ध, स्पर्श सगळं नीट. बहुधा पोटॅशियम. साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि ते रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. तरुण पुरुषात हे वारंवार होत असेल तर थायरॉइड तपासा, ते आटोक्यात आलं की झटके थांबतात.

यात होणारी मोठी चूक म्हणजे "अशक्तपणा आहे" म्हणून साखरेचं सलाईन. त्याने पोटॅशियम आणखी खाली जातं आणि हृदयाची लय बिघडते. पोटॅशियम तोंडाने द्यावं. शिरेतून द्यायचंच तर तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास, ईसीजी पाहत. शरीरात ते कमी नसतं, जागा बदललेली असते. म्हणून घाईने जास्त दिलं तर माघारी येताना पातळी धोकादायक वर जाते.

सोनचाफा
बाळंतिणींचं कुणी लिहिलं नाही. बाळंतपणानंतर काही दिवसांत वाढत जाणारी डोकेदुखी, मग आकडी, मग एक बाजू लुळी. मेंदूतल्या शिरांत गुठळी होते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून अनेक घरांत आहे, तिने रक्त आणखी घट्ट होतं. साध्या सीटीत हे निसटू शकतं, शिरांचा वेगळा स्कॅन सांगावा लागतो. उपचार रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनचा, आणि स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला तरी तो देतात. बाळंतिणीला भरपूर पाणी द्या, हे पत्रकात असूच दे.

पिंपळपान
कबुतराचं रक्त चोळल्याने गुण येतो असं अजून सांगतात. त्यावर काय लिहायचं?

चालती_काठी
@पिंपळपान, रागावून काही होत नाही. गुण येतो असं दिसतं, कारण बऱ्याच पक्षाघातांत पहिल्या तीन महिन्यांत आपोआपच सुधारणा होते आणि श्रेय जे चालू होतं त्याला मिळतं. एवढं सांगा: त्या पक्ष्यामागे गेलेला पहिला तास परत मिळत नाही. तेलाला पुढे हरकत नाही, पण सुजलेली, गरम पोटरी चोळू नका. आत गुठळी असेल तर ती फुप्फुसात जाते.

घरी आणल्यानंतरच्या चुकाही सांगतो. दुबळा हात धरून उठवणं ही सगळ्यात वाईट. खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकलेलाच असतो, एका ओढीत कायमचं दुखणं लागतं. काखेत हात न घालता कमरेला पट्टा बांधून उठवा. सदरा घालताना आधी दुबळा हात, काढताना शेवटी. दर दोन तासांनी कूस बदला, टाच आणि माकडहाड रोज उजेडात बघा, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली. आणि मऊ चेंडू दाबायला देऊ नका. बोटं मिटायला मेंदूला मदत लागत नाही, उघडायला लागते. रोज शंभर वेळा चेंडू दाबून मूठ आणखी घट्ट होते.

भीमाकाठ
@चालती_काठी, मग पहिल्याच दिवसापासून चालवायचं की नाही?

चालती_काठी
पहिल्या २४ तासांत वारंवार उभं करायचा अट्टहास नको, त्याने नुकसान झालेलं दिसलं आहे. नीट झोपवणं, कूस, सांधे हलके फिरवणं एवढं. नंतर थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा.

वाकळ
सगळ्यांचे आभार. पहिल्या दहा मिनिटांसाठी हे प्रश्न काढले: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? अचानक की हळूहळू? एक बाजू, दोन्ही पाय, की पापण्यांपासून खाली? लघवी झाली का? गेल्या महिन्यात जुलाब, बाळंतपण, फवारणी, जमिनीवर झोपणं? पाणी पाजून एका कुशीवर निजवा, असंही लिहिलं आहे.

रातराणी
पाणी काढा! कुशीवर निजवणं बरोबर. पण गिळण्याची तपासणी होईपर्यंत चमचाभर पाणीसुद्धा नको, तुळशीचं नको, रक्तदाबाची गोळी नको. अर्ध्या घशाला लकवा असतो, पाणी थेट फुप्फुसात जातं, आणि पक्षाघातातून वाचलेला माणूस चौथ्या दिवशी न्यूमोनियाने दगावतो.

मज्जारज्जू
आणि पडून किंवा झाडावरून कोसळून पाय गेले असतील तर कुशीवरही नको. मान-पाठ एका रेषेत धरून चौघांनी एकदम उचलायचं, फळीवर. घोंगडीच्या झोळीत घातला की पाठ वाकते आणि अर्धवट तुटलेली तार पुरती तुटते.

वाकळ
दोन्ही दुरुस्त केलं. पाण्याची ओळ आता "काहीही पाजू नका" अशी, सगळ्यात वर.

सुवर्णतास
एक ओळ आणखी मावत असेल तर घाला. १०८ ला फोन करताना "लकवा, अमुक वाजता" असं सांगा, आणि खाजगी गाडीने निघत असाल तर आधी फोन करून "सीटी आत्ता चालू आहे का" हे विचारा. जवळच्या पण सीटी नसलेल्या दवाखान्यात थांबून सलाईन लावण्यात तास जातो. रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफेरिन वगैरे, चालू असेल तर गुठळीचं इंजेक्शन देता येईल की नाही हे त्या पाकिटावरच ठरतं.